बाबांच्या पलंगाची ड्यूटी

समस्त जुनवानीकरांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की आमच्या बाबांचा पलंग सध्या तीन शिफ्टमध्ये चालतो.

हा पराक्रम एका मितानिनचा, म्हणजे मोहल्ल्यात घरोघर फिरणाऱ्या आरोग्यसेविकेचा. तिचं नाव मला माहीत नाही. विचारायला तिनं कधी उसंतच दिली नाही.

बाबा कारखान्यात भट्टीवर फोरमन होते. पक्षाघातानं त्यांची वाचा गेली. "त्यांना बोलतं करा, नाहीतर वाचा कायमची जाईल," डॉक्टरांनी बजावलं होतं. आम्ही पलंगाभोवती बसून इतकं गोड बोलायचो की आम्हालाच मधुमेह व्हावा. बाबा छताकडे बघत राहायचे.

पदर खोचून ही बाई आली. फिजिओथेरपिस्टला तिनं फोनवरच झापलं, कारखान्यातूनच रिटायर झालेल्या शेजाऱ्यांना ओसरीवर जमवलं आणि चुटकी वाजवत एकेकाला कामाला लावलं.

"वानखेडेकाका, तुमची फर्स्ट शिफ्ट. कूस बदलून द्याची, गप्पा माराच्या. अन् भाऊ, तुमी नुसते रडून राहिले! नाइट तुमाले," ती माझ्याकडे वळून म्हणाली.

माया सगळ्यांकडे होती, पाळी तेवढी कुणी लावली नव्हती.

काल दुपारी वानखेडेकाका हळूच चपला घालू लागले. पुढच्या पाळीचे गृहस्थ अजून उगवले नव्हते. दारातल्या बाईनं चुटकीसाठी हात उचलला, तेवढ्यात पलंगावरून भट्टीवरचा तो जुना आवाज फुटला, "रिलीव्हर आल्याबिगर कुठी चालला बे, वानखेडे?"