क्लासवाल्या सरांची मुलगी

माझे मिस्टर लातुरात एका खासगी क्लासमध्ये फिजिक्स शिकवतात. डॉक्टर-इंजिनिअर व्हायला निघालेली पोरं, पहाटेपासून बॅचवर बॅच. अशा माणसाला मी जेवताना म्हणाले, "आपल्या लेकीला परीक्षा नसलेल्या शाळेत घालू." त्यांचा घास हातातच राहिला.

"काय बोलायलीस तू? सरांची पोरगी अन् परीक्षाच नाही? लोक हसतील."

शाळा गावाबाहेर होती. मराठी आणि इंग्रजी, दोन्ही भाषांत शिकवायचे. पाठांतर नाही, नंबर नाहीत. मी किनवटच्या वसतिगृहात राहून मराठीत शिकले. नांदेडला कॉलेजात आले आणि इंग्रजीच्या धाकानं मागच्या बाकावर मान खाली घालून बसले. लेकीला इंग्रजी यावं, पण त्यापायी घरची बोली तिला परकी होऊ नये, एवढंच माझ्या मनात होतं.

निलंग्याहून सासूबाईंचा फोन आला. "मारत न्हाईत, परीक्षा घेत न्हाईत, मग दिवसभर करतेत तरी काय?"

"तेच बघायला चाललोय," मी म्हणाले. मिस्टरही "नुसतं बघून येऊ" एवढ्यावर तयार झाले.

आठवडाभर मी लेकीकडून रंग, फळं, "माय नेम इज" घोटून घेतलं. नवा फ्रॉक घातला. पण शाळेतल्या ताईंनी तिला काहीच विचारलं नाही. "जा, खेळ," म्हणाल्या. ती थेट चिखलाच्या हौदात शिरली.

मिस्टर हात मागे बांधून उभे होते. समोर काही मुलं अर्धा कापलेला पाइप विटांवर टेकवून त्यातून गोट्या सोडत होती. गोटी पुढच्या बादलीत पडायला हवी होती, पण ती दरवेळी अलीकडेच पडायची. मिस्टरांना राहवेना.

"हे बघा, पाइपाची उंची वाढवली की..."

दोन वेण्या घातलेली एक मुलगी वैतागून वळली. "काका, सांगू नका ना! आम्ही करून बघायलोत."

क्लासमध्ये त्यांना मध्येच थांबवायची कुणाची हिंमत नाही. पण ते पँट वर ओढून खाली मातीत बसले आणि विचारलं, "वीट देऊ का?"

"द्या. पण बोलू नका."

विटा चढल्या, एकदा सगळंच कोसळलं, परत रचलं. शेवटी गोटी टणकन बादलीत पडली. "गेली, गेली! इट वेंट इन!" पोरं नाचायला लागली, आणि सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या वाजवत होते आमचे सर.

परतताना चिखलानं माखलेली लेक स्कूटरवर आमच्या दोघांच्या मध्ये बसली होती. गंजगोलाईच्या बाजारात शिरताना मिस्टरांनी स्कूटरचा वेग कमी केला.

"माझ्याकडची पोरं हुशार हायेत," ते एकदम म्हणाले, "पण 'थांबा सर, मी करून बघतो' असं आजवर कुणी म्हणलं न्हाई. ॲडमिशन घेऊन टाकू."

"अन् लोक हसले तर?"

"हसू दे."

लोक हसलेच. क्लासमधले दुसरे सर अजूनही त्यांना विचारतात, "काय, पोरगी चिखलात पहिली आली का?" ते म्हणतात, "हाव, आली." लेक घरी येऊन "आई, बफेलो रस्त्यातच बसली होती" असं बोलते. आम्ही दुरुस्त करत नाही. हळूहळू दोन्ही भाषा आपापल्या जागी बसतील, असं ताई म्हणतात.

गेल्या महिन्यात सासूबाई राहायला आल्या. लेक शाळेतून येताच त्यांनी तिला जवळ ओढलं.

"आज काय शिकलीस गं?"

"आम्ही खड्डा खणला. एवढा मोठ्ठा!"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी उत्तराची जुळवाजुळव करू लागले. पण त्या तिच्याकडे वळून गंभीरपणे म्हणाल्या, "पाणी लागलं का?"

"नाही."

"मग थांबू नकोस. उद्या अजून खण."