माझ्या रस्त्याची गाडी

गाडी कुठली घ्यावी हे विचारायला लोक शोरूममध्ये जातात, मेकॅनिककडे जातात, नाहीतर ज्याच्याकडे आधीच गाडी आहे अशा साडूकडे जातात. रस्त्याकडे कोणी जात नाही. लाल घ्यावी की काळी, टाकीवर पट्टा असावा की नसावा, यावर आमच्या खानदेशात तास तास चाललेल्या बैठका मी ऐकल्या आहेत. पण ती गाडी रोज कुठून जाणार आहे, असं मी मध्येच विचारलं की सगळे माझ्याकडे बघतात आणि परत पट्ट्यावर येतात.

माझ्या वडिलांना, म्हणजे नानांना, ही एक गोष्ट बरोबर कळत होती. सावद्याजवळ आमची केळीची बाग. केळीला बारा महिने पाणी, त्यामुळे बागेतला रस्ता बारा महिने ओला, आणि माती काळी, चिकट. ती चाकाला लागते, चाकाबरोबर फिरते, मडगार्डच्या आत थरावर थर बसत जाते, आणि शेवटी चाक फिरायचंच थांबतं. इंजिन नुसतं ओरडतं, गाडी जागची हलत नाही. नानांनी आपल्या जुन्या मोटरसायकलचं पुढचं मडगार्ड लोहाराकडून वर उचलून घेतलं होतं. गाडी दिसायला अगदी बेंगरूळ झाली होती, पण ऐन पावसातही ती बागेतून बाहेर यायची. मला भाऊ नव्हता. मजुरांचं जेवण बागेत पोचवायचं काम माझ्याकडे आलं आणि त्याच गाडीवर मी चालवायला शिकले. चिखलात पुढचा ब्रेक धरायचा नाही, हे मला पोळ्या गोल येण्याच्या आधी आलं.

पुढे मी नर्सचं शिक्षण घेतलं आणि धुळे जिल्ह्यात, दोंडाईच्याजवळच्या एका गावी उपकेंद्रावर नेमणूक मिळाली. ही ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. मुलगी परगावी एकटी कशी राहणार म्हणून स्थळही त्याच गावातलं पाहिलं. मुलगा दोंडाईच्याच्या एका शाळेत मास्तर होता. नाना रीतीप्रमाणे मुलाचं घर बघायला गेले. घर बघितलं, विहीर बघितली, चहा घेतला, आणि मग म्हणाले, आता माझ्या पोरीची नोकरी कुठवर आहे तेही दाखवा. व्याही बुचकळ्यात पडले. माझ्या उपकेंद्राखाली पाच किलोमीटरवर एक वस्ती होती. मध्ये दोन नाले आणि सगळा शेतरस्ता. नाना तिथवर चालत गेले आणि गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन परत आले. मुलाची शाळा मात्र घरापासून आठ किलोमीटर, उंबऱ्यापासून फळ्यापर्यंत डांबरी. हे दोन्ही रस्ते नानांनी एकाच दिवशी पाहिले होते, एवढं लक्षात ठेवा.

त्या काळी जावयाला गाडी द्यायची पद्धत होती. हुंडा शब्द तोंडातून काढायचा नाही, पण हार घातलेली गाडी मांडवाच्या दाराशी उभी पाहिजे. वऱ्हाड आधी गाडीभोवती फिरायचं, मग नवरीकडे वळायचं. तर नाना जळगावला गाडी घ्यायला गेले आणि मला बरोबर घेऊन गेले. शोरूममधला माणूस त्यांना टाक्या दाखवायला लागला. नानांनी टाकीकडे पाहिलंसुद्धा नाही. ते खाली बसले आणि प्रत्येक गाडीच्या चाकात आणि मडगार्डात मूठ घालून बघायला लागले. मूठ अडकली की पुढच्या गाडीकडे. नाल्यात पाणी किती चढतं ते त्यांनी स्वतःच्या मांडीवर हात ठेवून दाखवलं आणि सायलेन्सर कुठून निघतो, हवा कुठून आत जाते ते विचारलं. पहिल्या गिअरला माणूस चालतो तेवढ्या वेगानं, न थांबता, किती वेळ जाईल, हेही विचारलं. तो माणूस बिचारा सांगत होता की ही गाडी वेगाला फार चांगली आहे. नाना म्हणाले, वेग आमच्याकडे लागत नाही.

शेवटी एक गाडी त्यांच्या मनाला आली. मोठ्या चाकांची, जाड टायरची, टू-स्ट्रोक, नको तेवढी देखणी नसलेली. मग त्यांनी गोणपाट मागवलं, फरशीवर अंथरलं आणि नवी कोरी गाडी त्यावर आडवी केली. शोरूममधल्या माणसानं कपाळाला हात लावला. नाना माझ्याकडे वळले.

"पडली तं एकट्या माणसाले उचलता आली पाह्यजे," ते म्हणाले. "उचल बरं."

मी साडी खोचली, हँडल वळवून घेतलं, पाठ लावली आणि गाडी उभी केली. नानांनी मान हलवली. ती गाडी ठरली.

हे सगळं मी सांगते ते नानांचं कौतुक करायला नाही. मला त्यांचाही राग आहे. गाडी त्यांनी माझ्या रस्त्याची निवडली, माझ्या ताकदीनं तोलून घेतली, आणि मांडवात नारळाबरोबर किल्ली दिली जावयाच्या हातात. कागदावर नावही त्याचंच. मी शेजारीच उभी होते, मुंडावळ्या बांधून. जावयाला ते एका शब्दानं म्हणाले नाहीत की ही गाडी हिच्या कामासाठी आहे. रीत मोडायची त्यांची हिंमत झाली नाही.

मग जे व्हायचं तेच झालं. आमचे मास्तर रोज सकाळी फडक्यानं गाडी पुसून डांबरी रस्त्यानं शाळेत जायला लागले. पहिल्याच महिन्यात त्यांनी पुढचं मडगार्ड काढून टाकलं. ते म्हणे फार उंच दिसतं. त्याच्या जागी चाकाला चिकटून बसणारं चकचकीत स्टीलचं बसवलं. त्यात मूठ सोडा, करंगळीही गेली नसती. पुढे क्रॅशगार्ड लावला, सीटला झालरीचं कव्हर घातलं, आरशांना गोंडे बांधले. पोळ्याला बैल सजवतात तशी गाडी सजवली, फक्त बैलाला वर्षभर काम तरी असतं.

आणि मी? मला मोपेड. बायकांची गाडी म्हणून सगळ्यांनी मिळून ठरवली. हलकी आहे, साडीवर चालवता येते, बाईला शोभते. सायकलपेक्षा जराशी जाड चाकं आणि चढ दिसला की पॅडल मारायचं. शोभायला काय, नाल्यापलीकडे ती कोणाला दिसतच नव्हती, कारण नाल्यापलीकडे ती पोचतच नव्हती.

महिन्यातला दुसरा बुधवार वस्तीवर लसीकरणाचा असायचा. सकाळी आरोग्य केंद्रातून लशीचा डबा यायचा, बर्फ भरलेला, चांगला जड. तो मागे बांधून मी निघायचे. उन्हाळ्यात ठीक चालायचं. पण आषाढ लागला की मोपेड पहिल्या नाल्याच्या अलीकडेच बसायची. मी काडीनं चिखल उकरायचे, दहा पावलं जायचे, परत उकरायचे. एकदा मोपेड बांधावर टाकून डबा खांद्याला लावून चालत गेले. पोचेपर्यंत दुपार झाली. बाया सकाळी पोरं घेऊन निंबाखाली बसून होत्या, वाट बघून बघून निंदणीला निघून गेल्या होत्या. रोजंदारीच्या बाया त्या, माझ्यासाठी मजुरी किती वेळ बुडवतील? दोन पोरांना टोचलं आणि परत आले.

मी घरी बोलले नाही असं नाही. मास्तरांना म्हटलं, महिन्यातला एक दिवस गाड्या बदलू. तुम्ही मोपेड न्या, तुमचा रस्ता डांबरी आहे. त्यांनी मला समजावलं. ते नेहमी समजावूनच सांगायचे, हाच मोठा त्रास होता. मास्तर मोपेडवर आला तर शाळेतली पोरं हसतील. बाई मोटरसायकलवर गेली तर गाव हसेल. साडी चाकात जाईल. शिवाय गाडी चिखलात खराब होईल.

"चिखलात घालायला नाही आणली ती," ते म्हणाले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चिखलासाठीच आणली होती ती! पण हे सांगणार कोण, ज्यांनी सांगायला पाहिजे होतं ते नाना सावद्याला बसले होते. सासूबाई म्हणाल्या की नोकरी करते तेवढं पुरे, त्यावर फटफटी नको. मी दोन दिवस अबोला धरला, भांडी जरा जास्त आपटली, आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यांना चहा करून दिला. माझं भांडण एवढंच. श्रावणातला बुधवार गेला, भाद्रपदातला गेला. दोन्ही वेळा मी नाल्यावरून परत फिरले आणि वहीत लिहिलं, रस्ता बंद.

रस्ता बंद नव्हता. त्या रस्त्यानं वस्तीवरचा दूधवाला दोन्ही बाजूंना कॅन लावून रोज येत होता, जुनाट मोटरसायकलवरून, उचललेल्या मडगार्डच्या. मला नाल्यावर अडकलेली पाहून तो एकदा थांबलाही होता. म्हणाला, बाई, या गाडीचं हे काम नव्हे. मला माहीत नव्हतं थोडंच!

नवरात्राच्या सुमाराला वस्तीवर गोवर आला. दाराला निंबाचे डहाळे लागले. मला निरोप मिळाला तोवर पाच-सहा घरांत पोरं फणफणलेली होती. मी चालत गेले, औषधं दिली, दोन मुलांना बैलगाडीतून दोंडाईच्याच्या दवाखान्यात पाठवलं. ती वाचली. एक मुलगी वाचली नाही. अकरा महिन्यांची होती. गोवराची लस नवव्या महिन्यात द्यायची असते. म्हणजे तिची पाळी श्रावणातल्या बुधवारची. त्या बुधवारी तिची आई तिला घेऊन निंबाखाली बसली होती, भाद्रपदातही बसली होती. हे मला वस्तीवरच्या दुसऱ्या बाईनं सांगितलं. 

पुढचा बुधवार आला. तोवर परतीचा पाऊस पडून गेला होता आणि नाले अजून वाहत होते. सकाळी मी पाना घेतला आणि अंगणात बसून ते स्टीलचं मडगार्ड काढलं. जुनं माळ्यावर होतं, ते बसवलं. गोंडे कापले. मास्तर दाढी अर्धी टाकून बाहेर आले आणि काय चाललंय म्हणून विचारलं. मी नऊवारीसारखा काष्टा घातला, खुंटीवरची किल्ली घेतली, डबा बांधला आणि किक मारली. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला, पण अडवलं नाही. ते गोवराचं त्यांनाही कळलं होतं.

आणि काय झालं सांगू? काहीच झालं नाही. गाडी दोन्ही नाल्यांतून पहिल्या गिअरवर सरळ निघाली. दुसऱ्या काठावर एकदा घसरून पडले, उठून गाडी उचलली आणि निघाले. अर्ध्या तासात वस्ती. मास्तर त्या दिवशी मोपेडवर शाळेत गेले. पोरं हसली, दोन दिवस हसली, मग त्यांची सहामाही परीक्षा आली आणि ती विसरून गेली. गावातल्या पारावर माझ्यावरून चार दिवस चर्चा झाली, मग कोणाच्या तरी बैलावरून झाली. ज्याला आम्ही सगळे इतके घाबरलो होतो ते हे एवढंसं होतं. याचीच मला चीड येते, अजून येते. काही मोठं आडवं आलं असतं तर एक वेळ समजून घेतलं असतं.

निंबाखाली बाया जमल्या होत्या. गोवराच्या धास्तीनं त्या दिवशी एकही घर मागे राहिलं नव्हतं. मी सुया उकळायला ठेवल्या, रजिस्टर उघडलं. मागच्या बाजूला ती आई उभी होती. तिच्याकडे आता टोचायला मूल नव्हतं, तरी आली होती. बायांना ओळीनं बसवत होती, रडणारी पोरं धरत होती. मी तिच्याकडे बघायचं टाळत होते.

मध्येच ती गाडीपाशी गेली. चाकाला लागलेल्या चिखलावरून तिनं हात फिरवला, सीटच्या कव्हरची झालर बघितली. मग माझ्याजवळ आली आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "बाई, हाई गाडी तुमना घर कवयपाईन शे?"

गाडी घरात केव्हापासून आहे, यावर खोटं बोलायला जागाच नव्हती. आमचं लग्न लागून वऱ्हाड परत आल्यावर गावात झालेल्या जेवणाला अख्खी वस्ती आली होती, आणि हार घातलेली गाडी सगळ्यांनी फिरून फिरून पाहिली होती.

"लग्नापासून," मी म्हटलं.

 पुढच्या बाईच्या कडेवरचं मूल तिनं आपल्याकडे घेतलं, त्याची बाही वर केली आणि दंड माझ्यासमोर धरला.