माथुरजी, चूक तुमची नव्हती

माथुरजी गेले, आणि आज ग्रुपवर त्यांना नावं ठेवणाऱ्या निम्म्या लोकांच्या नाकावर त्यांनीच बसवलेला चष्मा आहे.

मालवीय नगरमधले चष्मेवाले माथुरजी. काल सकाळी गेले.

आपल्या मराठी ग्रुपवर "ओम शांती"च्या खाली एका ज्येष्ठ सदस्यांनी लिहिलं, "कॉलेजच्या पोरांना कामाला जुंपून त्यांचा अभ्यास बुडवायचा हा माणूस."

खाली अंगठ्यांची रांग.

मग पार्ट-टाइम जॉबचे फायदे-तोटे यावर चर्चासत्रच सुरू! अहो, माणसाची राख तरी थंड होऊ द्या.

तोटे मलाही माहीत आहेत. पाय दुखतात. पुस्तक उघडलं की डोळे मिटतात.

माझी मैत्रीण मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात होती. बसायला साधं स्टूल नाही. पेपरसाठी सुट्टी मागितली तर, "कल से मत आना."

लिहायचंय ना? मग त्या मालकाबद्दल लिहा.

माथुरजींबद्दल मी लिहिते. कारण ते ज्येष्ठ सदस्य माझे बाबा आहेत, आणि जिचा अभ्यास बुडाला ती मी.

बी.कॉम.चं दुसरं वर्ष. बाबांची बँकेतली बदली, नवं शहर. वर्गात माझं नावही कुणाला माहीत नव्हतं.

माथुरजींच्या दुकानात मी पार्ट-टाइम लागले. तिथं मात्र आजी-आजोबा मला शोधत यायचे. "वो मराठी बिटिया कहाँ है? चश्मा वही ठीक से बिठाती है."

अनोळखी माणसाशी बोलायला मी त्या काउंटरवर शिकले. कॉलेजमध्ये नाही.

लग्नसराईत दुकान भरलेलं होतं. माथुरजींनी विचारलं, "बेटा, एग्ज़ाम कब से है?"

"अगले महीने, अंकलजी."

साफ खोटं. कॉस्टिंगचा पेपर दुसऱ्याच दिवशी होता. मला तिथंच थांबायचं होतं.

नापास झाले.

बाबा कडाडले, "त्या दुकानामुळे ना?"

मी "हो" म्हणून मान हलवली. बस, एवढंच केलं मी.

बाबांनी फोनवर त्यांना वाट्टेल ते सुनावलं. दुसऱ्या दिवशी माथुरजी दुखरा गुडघा घेऊन तीन जिने चढून आमच्या दारात उभे. हातात हेल्मेट.

"भाईसाहब, गलती मेरी है. मुझे टाइम-टेबल देखना चाहिए था."

आमच्या घरी कुरिअरवाल्यालाही पाणी विचारतात. बाबांनी त्यांना "या"सुद्धा म्हटलं नाही.

मी आत पाण्याचा ग्लास भरून उभी होते. बाहेर गेलेच नाही.

माझं काम सुटलं. त्यानंतर त्यांनी दुकानातल्या मुलांसाठी नियम केला. परीक्षेच्या टाइम-टेबलची झेरॉक्स काउंटरच्या काचेखाली लागल्याशिवाय काम नाही. पेपरच्या आठवड्यात दुकानात पाऊल ठेवायचं नाही.

हा माणूस अभ्यास बुडवणारा? लाज वाटते मला. ग्रुपची नाही, माझी.

काल अंत्यदर्शनाला त्यांच्याकडे काम करणारी एक मुलगी भेटली. म्हणाली, प्रत्येक नव्या मुलाला ते सांगायचे, "एक मराठी बच्ची का साल बिगाड़ दिया था मैंने."

इतकी वर्षं ते हे मनावर घेऊन बसले. आणि मी त्यांचं दुकान दिसलं की रस्ता बदलत होते.

बाबा, तो मेसेज डिलीट करा. तुमचा राग खरा होता, फक्त चुकीच्या माणसावर होता.

अंकलजी, माझं वर्ष तुम्ही नाही बिघडवलंत. मी खोटं बोलले होते.

तेव्हा तो ग्लास घेऊन बाहेर यायला हवं होतं मी.

शेवटचा नमस्कार.