वायपर आणि मावशीची तारीख

नागपूर सोडलं तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि मी स्वतःवर बेहद्द खूश होतो. गाडीचा वायपर काचेवर रेघा ओढत होता, म्हणून मोबाइलवर एक व्हिडिओ पाहून मी त्याचा दांडा स्वतः काढला, पुसला आणि परत बसवला. आसगावच्या मावशीला दुपारी तीनच्या आत भंडाऱ्याला आणायचं होतं, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. आधीच्या दोन तारखा माझ्या कामांमुळे हुकल्या होत्या. ही तिसरी होती.

जवाहरनगरजवळ पाऊस कोसळला. वायपर चालू केला, तर दांडा खाली बॉनेटवर ठकठक आपटायचा आणि वर जेमतेम अर्धी काच पुसून माघारी फिरायचा. नेमकी डोळ्यांसमोरची अर्धी तशीच राहायची. पुढे तिथल्या दारूगोळा कारखान्याची बस आहे की ट्रक, काही कळेना. हनुवटी स्टिअरिंगला टेकवून, तोंडाला येईल ते बोलत मी भंडारा ओलांडलं, वैनगंगेचा पूल पार केला आणि कारध्यात एका गॅरेजसमोर थांबलो. गॅरेजला कुलूप!

"बंदच राहीन जी," शेजारची चहावाली म्हणाली. "सुखदेव रोवण्यावर हाये."

"मग येणार कधी?"

"बांधी झाली का येईन. पाणी हाये तोवर सारेच उरकून राहिले."

रोवणं म्हणजे भाताची लावणी आणि बांधी म्हणजे भाताचं खाचर. ते गॅरेजच्या मागेच होतं. सुखदेव मेकॅनिक गुडघाभर चिखलात उभा राहून बायांकडे रोपांच्या पेंड्या फेकत होता. मी बांधावरून ओरडून माझी अडचण सांगितली.

"येतो जी, पाचच मिनिटं," तो म्हणाला आणि खाली वाकला. अर्धा तास गेला तरी वाकलेलाच.

माझा पारा चढला. "अहो, माझ्या मावशीचं ऑपरेशन आहे!"

कंबर सरळ करत एक बाई म्हणाली, "मंग उभे काहून राहिले, भाऊ? पेंड्या द्या नं. लवकर सुटंल तो."

पँट वर खोचून मी चिखलात उतरलो. तासभर पेंड्या वाहिल्या, दोनदा बसकण मारली. बाया पोट धरून हसत होत्या आणि मला रडू येत होतं.

शेवटी सुखदेव हात धुऊन गाडीपाशी आला. "दांडा काढला तवा वायपर कसा बंद केला होता?"

"गाडीची चावी फिरवून."

"म्हणजे काचेच्या मधातच थांबला असंल. मोटर अर्ध्यात, अन् तुमी दांडा खाली झोपवून बसवला."

त्याने नट सैल केला, दांडा हलवत हलवत उपसला. मग वायपरचं बटण चालू करून बंद केलं, आतली मोटर आपोआप आपल्या जागी येऊ दिली, दांडा काचेच्या खालच्या कडेला टेकवला आणि नट आवळला. सगळं पाच मिनिटांत झालं. स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

आसगावला पोचलो तेव्हा दीड वाजून गेला होता. मावशी ओसरीवर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. शेजारीण म्हणाली, सकाळपासून तशीच आहे. मी गाडीतून उतरून समोर उभा राहिलो, तरी "कोण हाये?" असं विचारून तिने हात पुढे केला.

परतताना पुन्हा झोडपून पाऊस आला. वायपर अख्खी काच लख्ख पुसत होता. माझा वैताग मात्र उतरला नव्हता. सकाळपासूनचं सगळं रामायण मी तिला ऐकवलं. अर्धी काच धूसर, समोर माणूस आहे की बैल तेही कळत नव्हतं, एवढा रस्ता मी कसा काढला ते माझं मलाच ठाऊक.

मावशी शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "दोन घंट्यातच बोंबलला का रे बाप्पा? मले तं दोन वर्सं झाले. मानूस हाये का बैल, आवाजावरूनच समजते."

मी घड्याळ पाहिलं. सव्वादोन झाले होते. तीनला दहा मिनिटं असताना दवाखान्याच्या दारात गाडी लावली, तिची पिशवी खांद्याला अडकवली आणि तिचा हात धरून तिला आत नेलं.