आधी लिहिलेलं मत

मोहरील सर दर शनिवारी वर्गात बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन यायचे. झाकणाला चिठ्ठी जाईल एवढी चीर पाडलेली. बी.ए.च्या आम्हा मुलींना त्यांनी वर्षभरासाठी एकेक देश वाटून दिला होता आणि शनिवारी त्यांच्या तासाला आमची राष्ट्रसंघाची आमसभा भरायची. ठराव फळ्यावर लिहिला की भाषणांच्या आधीच प्रत्येकीने आपलं मत चिठ्ठीवर लिहून, खाली नाव घालून डब्यात टाकायचं. सरही एक चिठ्ठी टाकत. भाषणं संपल्यावर डबा उघडायचा आणि मधल्या वेळात जिचं मत बदललं असेल तिने उभं राहून कारण सांगायचं.

"पहले लिहून टाका, बेटा," ते म्हणायचे. "मग मोठ्यांची तोंडं पाहा. तोंडं पाहून लिहिलं तर ते मत तुमचं नाही, त्यांचं आहे."

राज्यांची फेररचना झाली तेव्हा सर नागपूरहून बदली होऊन जबलपूरला आले आणि इथेच राहिले. शिकवायचे हिंदीत, रागवायचे मराठीत. वर्गात मराठी मुली दोनच, त्यामुळे सगळ्यांच्या वाटचं आम्हीच ऐकून घ्यायचो. खिशात कायम तांबडी पेन्सिल. वर्तमानपत्रसुद्धा ते खुणा करत वाचायचे.

माझ्या वाट्याला भारत आला होता. अमेरिका किंवा रशिया मिळालेल्या मुली मिरवायच्या. मी कुरकुर केली तेव्हा सर म्हणाले, "रशिया व्हायला काय लागते? मोठ्या मित्राच्या बाजूला उभं राहून आपलं बोलणं, हे कठीण काम आहे. म्हणून तुला दिलं."

मी शेवटच्या वर्षाला असताना हिवाळ्यात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. राष्ट्रसंघात आपलं सरकार तटस्थ राहिलं. त्या शनिवारी सरांनी हजेरीसुद्धा घेतली नाही. "एकाहत्तरमध्ये त्यानं आपल्याला साथ दिली. त्याचे आभार माना, दहा वेळा माना. पण तो दुसऱ्याच्या घरात घुसला, तर आपण काहून खाली पाहून राहिलो?" मी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. तेव्हा मी त्यांची सगळीच वाक्यं उतरवून घेत असे.

स्नेहसंमेलनात आमची आमसभा पाहुण्यांसमोर करायची ठरली. ठराव हाच, की सोव्हिएत फौजांनी परत जावं. उत्तम बोलेल तिची एम.ए.च्या शिष्यवृत्तीसाठी शिफारस होईल, असं प्राचार्यबाईंनी जाहीर केलं होतं. माझे वडील शहपुऱ्याला पोस्टात कारकून होते. त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, शिष्यवृत्ती मिळाली तर शिक, नाहीतर नोकरी बघ.

भाषण मी लिहिलं आणि सरांनी तपासलं. शेवट त्यांना मिळमिळीत वाटला. तांबड्या पेन्सिलीने त्यांनी स्वतः एक वाक्य घातलं: 'हम आपके मित्र हैं, इसीलिए कहते हैं, अपनी सेना वापस बुलाइए।'

कार्यक्रमाच्या दिवशी आम्ही चिठ्ठ्या टाकल्या, सरांनीही टाकली. मग पाहुणे आले. रशियाशी मैत्री वाढवणाऱ्या एका संस्थेचे ते दिल्लीचे पदाधिकारी होते. त्यांची संस्था दरवर्षी काही मुलांना शिकायला मॉस्कोला पाठवत असे. सरांच्या मुलाचा, अनिलचा, अर्ज त्यांच्याकडे होता, हे मला ठाऊक नव्हतं.

मी बोलले. ते वाक्य मी जरा जोरातच म्हटलं. पाहुण्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. प्राचार्यबाई सरांकडे वळल्या आणि माइक चालू असतानाच त्यांनी विचारलं, हे असं बोलायला कुणी सांगितलं?

सर उठले. "भाषण मैंने देखा था, मैडम। ये वाक्य उसमें नहीं था। लड़की है, जोश में कह गई।"

कागद माझ्या हातात होता, तांबड्या अक्षरांसकट. मी त्याची घडी घातली. भर सभेत सरांना खोटं पाडायचं मला सुचलंच नाही. मला वाटलं, ते आता डबा उघडतील, मतं वाचतील, काहीतरी सावरतील. पण बाईंनी वेळ संपल्याचं सांगितलं आणि सर डबा काखेत मारून निघून गेले.

शिफारस दुसरीची झाली. पावसाळ्यात अनिल मॉस्कोला गेला, तेव्हा सरांच्या घरून पेढे आले. मी एक खाल्ला. मग नोकरी शोधली.

नोकरी मिळाली कारखान्याच्या भांडारात. आमचे बरेचसे सुटे भाग एकाच देशातून यायचे. खराब माल आला तरी साहेब सांगायचे, पत्र नरम लिहा, उद्या पुरवठा थांबला तर? अशी पत्रं मी वर्षानुवर्षं लिहिली. ती लिहिताना सर मला समजत गेले. माफ मात्र करता आलं नाही.

निवृत्तीनंतर ते अधारतालला राहत. आजारी आहेत असं कळलं म्हणून मी गेले. चहा झाल्यावर त्यांनी आपणहून विषय काढला. म्हणाले, "त्या दिवशी मी तटस्थ राहिलो. पोराचं पाहून राहिलो होतो. बस, एवढंच."

"नाही, सर," मी म्हटलं. "तटस्थ माणूस गप्प बसतो. तुम्ही माझ्याविरुद्ध मत दिलंत."

त्यांनी विचारलं, आता कुठली बस मिळेल तुला.

चार महिन्यांनी ते गेले. तेराव्यानंतर सरांच्या पत्नीने, काकूंनी, तो डबा माझ्या हातात दिला. सरांनी तो कुणाला उघडू दिला नव्हता म्हणाल्या. झाकणाला जुनी चिकटपट्टी तशीच होती. घरी येऊन मी ती सुरीने कापली. आत त्या स्नेहसंमेलनाच्या दिवसाच्या चिठ्ठ्या होत्या. माझी होती, ब्रह्मदेशाची होती, क्यूबाची होती. तळाशी तांबड्या पेन्सिलीने लिहिलेली सरांची होती: 'सेना परत न्यावी. ठरावाच्या बाजूने.' खाली पूर्ण सही.

त्यांचं मत खरंच वेगळं असतं, तर मी त्याला मतभेद म्हटलं असतं आणि विसरले असते.