रोझीचं एक पिल्लू

हे मी अजून कुणाजवळ बोललेले नाही. बहिणीजवळ नाही, ऑफिसातल्या मैत्रिणींजवळ तर नाहीच नाही. आणि गंमत म्हणजे — गंमत कसली, डोंबलाची — ज्यांना यातलं अर्धंमुर्धं ठाऊक आहे ते सगळे मला शाबासकीच देतात. ‘बरं केलंस ऑपरेशन करून घेतलंस, रस्त्यावर कुत्री काय कमी आहेत?’ मी आपली मान डोलावते. तुम्हीही कदाचित तेच म्हणाल. पण सगळं ऐकून घ्या आधी.

मी बोरिवलीत राहते, एकटीच. लग्न केलं नाही — म्हणजे आईच्या आजारपणात ते राहूनच गेलं. आई गेली तेव्हा मी पन्नाशीला टेकले होते. ऑफिसातून यायचं, कुलूप काढायचं, आपला आपण चहा टाकायचा आणि टीव्हीशी बोलायचं. हो, बोलायचे मी टीव्हीशी, हसा खुशाल. मग एक दिवस ऑफिसातल्या सिल्व्हियाने विचारलं, ‘माझ्या पप्पांची कुत्री घेशील का गं?’

तिचे पप्पा, पास्कल अंकल, खाडीपलीकडच्या गोराईचे. बायको वारलेली, आणि त्या वर्षी घराचं छप्परही कोसळलं, म्हणून ते मुलीकडे राहायला आले. जावयाला दमा. घरात कुत्रं चालणार नव्हतं. रोझीला घेऊन ते स्वतः माझ्याकडे आले. अर्धी लॅब्रेडॉर, अर्धी गावठी, एक कान उभा आणि एक पडलेला. येताना तिचं जुनं गोणपाटही घेऊन आले, नाहीतर तिला झोप येत नाही म्हणाले. त्यांनी मागितलं काहीच नाही. एवढंच बोलले — घर उभं राहिलं की मी परत गोराईला जाणार. तोवर ही तुझी झालेली असेल बाय, दिलेलं मी परत मागणार नाय. पण हिचं एक पिल्लू मला दे.

मी चटकन हो म्हटलं. आमच्या कोकणातही गाय सांभाळायला देताना वासरू बोलून ठेवतात, त्यात नवीन ते काय? शब्द दिला आणि विसरून गेले.

रोझीचा मला किती लळा लागला ते कसं सांगू? मी तिचं नाव चिंगी ठेवून बघितलं. ढिम्म! रोझीच राहिली. पण संध्याकाळी मी जिन्यात असतानाच दाराआड तिचे पंजे वाजायला लागायचे, आणि मी उरलेल्या पायऱ्या भराभर चढायचे. माझी वाट बघणारं कुणी असेल हे मी सोडूनच दिलं होतं ना.

फक्त रविवार वाईट. रविवारी चर्चमधून अंकल थेट माझ्याकडे यायचे. ते खाली गेटपाशी असतानाच हिला कळायचं. अशी रडायची, अशी उड्या मारायची — माझ्यासाठी तसं एकदाही नाही. ते दिवाणावर बसले की ही त्यांच्या बुटांवर हनुवटी ठेवून पडायची आणि मी हाक मारली तर नुसता डोळा फिरवायची. ते गेल्यावर दाराशी पडून राहायची, रात्री ताटाला तोंड लावायची नाही. मी तिच्याशेजारी फरशीवर बसून भात कालवून भरवायचे. काय करत होते मी? सरळ सांगते — जळत होते. एवढी घोडी झालेली बाई एका म्हाताऱ्यावर जळत होती, तेही कुत्रीवरून. आयुष्यभर मला सगळं वाटणीतलंच मिळालं. भावंडांतून उरलेली आई, ती सुद्धा आजारी पडल्यावर. एक जीव तरी अख्खा माझा असावा असं वाटणं इतकं वाईट आहे का? असेल. मला वाटत होतं खरं.

मग एका रविवारी अंकल खुशीत आले. घराचं छप्पर पडलं होतं ते पुन्हा चढलं, रंग तेवढा बाकी. चहा पिता पिता जरा लाजतच त्यांनी विचारलं, ही माजावर कधी येते? गोराईत शेजाऱ्याचा एक कुत्रा त्यांनी बघून ठेवला होता, गरीब स्वभावाचा. पिल्लांना घरंही बोलून ठेवली होती, सगळी गावातलीच. मला काहीच त्रास नाही, बाळंतपणाला मी येऊन राहतो, म्हणाले. आणि मला काय दिसलं? ते पिल्लू दिसलं नाही. पिल्लाच्या निमित्ताने माझ्या घरात मुक्काम ठोकलेले अंकल दिसले, आणि त्यांच्या पायाशी रोझी.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, तब्येत उत्तम आहे, वयही फार नाही, एकदा व्यायला हरकत नाही. व्यायची नसेल तर मात्र ऑपरेशन करून टाका, पुढच्या दुखण्यांपासून सुटेल. ठरवा तुम्ही. मी ठरवायला वेळ घेतलाच नाही. सोसायटीत पिल्लं चालणार नाहीत, पिल्लांचे हाल होतात, जगात कुत्री उदंड आहेत — ही कारणं मी नंतर जमवली. सगळी खरी आहेत. माझं त्यांतलं एकही नव्हतं.

पुढच्या रविवारी अंकल आले तर रोझीच्या पोटाला पट्टी. ते दारातच थबकले. तेव्हा मी म्हणू शकले असते, मला पिल्लं नको होती. चिडले असते, दुखावले असते, पण खरं कळलं असतं. मी काय म्हणाले? म्हणाले, डॉक्टरांना काढावंच लागलं सगळं. आत सडलं होतं. जुनं दुखणं होतं म्हणे, कुणी वेळेवर दाखवलं असतं तर वाचलं असतं.

कुणी! तिला सांभाळणारे आम्ही दोघंच, आणि जुनं दुखणं म्हणजे त्यांच्याकडे होती तेव्हाचं.

ते हळूच खाली बसले, फरशीवर. रोझीचा पडलेला कान हातात धरून म्हणाले, ‘माफ कर गं बाय, मला कललाच नाय.’ माझ्याशी नाही, तिच्याशी. मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच कपबश्या विसळत राहिले.

त्यानंतर ते यायचे बंद झाले. मला हेच हवं होतं ना? नाताळात फोन आला, रोझी बरी आहे ना, एवढंच विचारायला. येत का नाही, मी विचारलं — हो, तोंड वर करून विचारलं! तिच्याकडे बघवत नाय, म्हणाले. तिथेच सांगायचं होतं. जिभेवर आलं होतं अगदी. मी त्यांना मेरी ख्रिसमस म्हटलं.

रोझी बरेच रविवार गेटाकडे कान लावून बसायची. मग सुटली तिची ती सवय. आता ती पूर्ण माझी आहे. म्हातारी झाली, माझ्याच पलंगावर झोपते.

मागच्या महिन्यात अंकल गेले, गोराईतच, त्या नव्या छपराच्या घरात. मी मातीला गेले होते. नंतर अंगणात सिल्व्हिया माझा हात धरून बसली आणि सांगायला लागली. इतकी वर्षं एकटे राहिले इथे, कितीदा म्हटलं पप्पा एक कुत्रा ठेवा. शेजारणीने तर एकदा पिल्लू आणून मांडीवरच ठेवलं त्यांच्या. दिवसभर दूध पाजलं, खेळवलं, आणि संध्याकाळी परत नेऊन दिलं. म्हणाले, माझ्याकडे नको, माझ्या हातून मुक्या जनावराचे हाल होतात.

‘असं का म्हणायचे गं ते?’ सिल्व्हियाने मला विचारलं. ‘तुला काही बोलले होते?’

मी नाही म्हटलं.