पोटात पाणी झालेली कोंबडी

आई गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, परसात ब्रॉयलरची पिल्लं आणली. "दुकानातल्या कोंबडीला काय काय टोचतात कुणास ठाऊक, आपण घरचीच खाऊ," असं ते म्हणाले. खरं कारण मला कळत होतं. आईच्या आजारपणात त्यांचा सगळा दिवस तिच्या उशाशी जायचा. आता येलहंका उपनगरातल्या त्या घरात आम्ही दोघंच होतो आणि मी ऑफिसला गेले की ते एकटे.

पिल्लं बघता बघता थोराड झाली. भांडं रिकामं दिसलं की अण्णा लगेच भरायचे. मग एका सकाळी सगळ्यात मोठा कोंबडा उठलाच नाही. पाय दोन्हीकडे फाकलेले, पंख टेकत पुढे सरकायची धडपड. अण्णांनी जुना बनियन फाडून त्याचे पाय जवळ बांधले. ओल्या तुसावर बसून बसून त्याच्या छातीची कातडी सोलवटली आणि बाकीच्या कोंबड्या नेमक्या तिथेच टोचू लागल्या. अण्णांनी त्याला स्वयंपाकघरात घेतलं, हळद लावली, वाटीने पाणी पाजलं. तरी तो गेला.

पाठोपाठ एक कोंबडी धापा टाकू लागली. तुरा निळसर, चोच उघडी, पोट ताणून फुगलेलं. अण्णांनी तिच्या पोटावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"पाणी झालंय," ते म्हणाले. "तुझ्या आईसारखं."

"अण्णा, असं नका बोलू."

"हाताला कळतं गं."

आईचं लिव्हर निकामी झालं होतं. तिच्या पोटातलं पाणी काढायला आम्ही तिला पुन्हा पुन्हा हॉस्पिटलात न्यायचो. पाणी काढलं की ती थोडं जेवायची, हसायचीसुद्धा. मग पोट परत भरायचं.

कोंबडीला खोक्यात घालून आम्ही रिक्षाने गुरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाईंनी तिला तपासलं आणि कन्नडमध्ये शांतपणे सांगितलं, "ही जात मांसासाठी काढलेली. दीडेक महिन्यात कापायची. अंग इतक्या झपाट्याने वाढतं की हृदयाला झेपत नाही. हिला आता त्रासातून सोडवा. बाकीच्यांना खाद्य कमी द्या."

"पाणी काढता येईल का?" अण्णांनी विचारलं.

"परत भरेल, सर."

"स्वल्प, थोडं तरी काढा."

डॉक्टरबाईंनी सुई घालून पिवळसर पाणी काढलं. घरी आल्यावर कोंबडीने दोन दाणे टिपले. अण्णांनी मला हाक मारून ते दाखवलं. आई दोन घास जेवली की त्यांचा चेहरा असाच उजळायचा. सकाळी तिचं पोट पुन्हा टम्म झालं होतं.

"परत नेऊ," अण्णा म्हणाले.

"किती वेळा, अण्णा?"

ते खोक्यापाशी टेकले. कोंबडी मान ताणून श्वास ओढत होती, प्रत्येक श्वासाला घशात घरघर. मी येत नाही म्हणून ऑफिसला कळवलं आणि त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले. ती दुपारपर्यंत तशीच घरघरत राहिली. मला वाटत होतं, कुणीतरी येऊन हे थांबवावं. पण येणार कोण? शेवटी ती एकदा पंख फडफडवून निपचित पडली.

बाकीच्यांचं खाद्य अण्णांनी कमी केलं. पण त्या दाराशी येऊन दिवसभर ओरडत राहिल्या. संध्याकाळी अण्णांनी भांडं काठोकाठ भरलं. मी अडवलं, तर म्हणाले, "उपाशी नाही ठेववत. खाऊ घातलं तर मरतात. मी करू तरी काय?" आईच्या दहाव्यालाही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं.

त्याच आठवड्यात आणखी एकीचे पाय गेले. त्या दिवशी अण्णा स्वतःच म्हणाले, "सगळ्या नेऊ या." कोपऱ्यावरच्या चिकनवाल्याकडे मी पिंजरा धरून उभी राहिले. अण्णा एकेकीला उचलून, पाय लोंबकळू न देता, त्याच्या हातात देत गेले. मटणाची पिशवी घ्यायला आम्ही थांबलो नाही.

रस्त्यात ते म्हणाले, "तिला मी शेवटचं हॉस्पिटलात न्यायला नको होतं. ती नको म्हणत होती."

मी रिकामा पिंजरा दुसऱ्या हातात घेतला आणि त्यांचा दंड धरला.